बावीस वर्षं तेच माप

हूक लागेना.

वरचा नाही, खालचा नाही, मधल्याचं तर नावच काढू नका. पडद्यामागं उभी राहून मी श्वास आत ओढला, पोट आत ओढलं, अंबाबाईचं नाव घेतलं, मग जे तोंडात येऊ नये तेही घेतलं. तरी ब्लाऊजच्या दोन काठांमधे माझी अख्खी मूठ आडवी बसेल एवढी फट. पाच इंच. शिंपिणीला तेवढं कळायला टेप लागत नाही.

"झालं का वो?" पडद्याबाहेरनं वत्सला लोहार.

"होतंय."

"मलाबी घालून बघायचंय. किती येळ?"

"बघशील गं. पडदा काय पळून चाललाय?"

बोलायला काय, बोलत होते. पण दरदरून घाम सुटला होता. पंचेचाळीस पुरी झाली होती मला, आणि त्या वर्षी ते सुरू झालं होतं, एकदम अंगातनं वाफ निघायची नि कानाच्या पाळ्यांपर्यंत सगळं तापायचं. आता तर वाफ वेगळी, घाम वेगळा, सगळं एकदमच आलं. घड्याळात बघितलं, पाऊण तास उरला होता.

साताऱ्याला वनिता शिवणकला केंद्र म्हणून होतं, तिथं शिकवायला एक बाई हवी होती. आम्ही सहाजणी आलो होतो. प्रत्येकीला एक मशीन, एक मीटर वांगी रंगाचं टू बाय टू कापड आणि तीन तास. केंद्र चालवणाऱ्या कारखानीस मॅडमची अट अशी की स्वतःच्या अंगाचं ब्लाऊज शिवायचं, तिथंच घालायचं, त्यांच्यापुढं उभं राहून दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे. काखेत ओढलं, पाठीत चुणी पडली, की तुम्ही तुमच्या घरी.

जागा एक. आणि जागेबरोबर राहायला खोली. खरं सांगते, मला पगारापेक्षा ती खोली हवी होती.

आमचं घर कराडला. पुढं दुकान, मागं आम्ही. पुढं यांचं मशीन, गिऱ्हाईक म्हणजे बापेमाणसं. आत माझं मशीन, गिऱ्हाईक म्हणजे बायका. 'वामन टेलर' अशी पाटी. वामनराव उंडाळे म्हणजे आमचे हे. माणूस गरीब, हात सोन्याचा, आणि तोंडाला टाका घातलेला. दिवसाकाठी सात शब्द बोलत असतील, त्यातले चार गिऱ्हाइकाशी. लेक रोहिणी होती तोवर घरात आवाज तरी होता. तिला सांगलीला दिली, आणि मग पुढं एक मशीन खडखड, मागं एक मशीन खडखड. मी काय घातलंय, कशी दिसते, आहे का मेले, मान वर करून बघायचं म्हणून नाही. माझ्यासारखी बाई, जिला दिवसात एकदा कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय अन्न पचत नाही, तिनं करायचं काय?

साताऱ्याचं पत्र आलं तेव्हा मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"अहो, निवड झाली तर मी तिकडंच राहणार."

"बरं."

"खोली देतात. महिन्यातनं एकदा येईन. कदाचित दोन महिन्यांनी."

"बरं."

"आणि नाहीच आले तर?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. "स्टँडवर सोडायला येऊ का?" म्हणाले.

त्या दिवसापासनं माझा पाय घरात ठरेना. भाजी चिरता चिरता उठायची, दारात जायची, परत यायची. एसटीचा हॉर्न ऐकू आला की वाटायचं हीच आपली गाडी. काय वाट्टेल ते झालं तरी ती जागा मिळवायचीच.

म्हणून तर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी माझं कापड कापून झालं होतं. बाकीच्या पाचजणी टेप घेऊन एकमेकींची मापं घेत बसल्या होत्या, कारण स्वतःचं माप स्वतःला घेताच येत नाही. हात वर केला की खांदा हलतो, खाली बघितलं की छाती उतरते. वत्सला माझ्याकडंही आली होती. कोरेगावची विधवा बाई, माझ्याच वयाची, बडबडी पण मनानं चांगली.

"आणा, तुमचं घेते."

"राहू दे गं. माझं माप बावीस वर्षं तेच आहे. छाती बत्तीस. झोपेतनं उठवून विचार."

"रोहिणी का कोण ती तुमची लेक, ती झाल्यावरबी?"

"ती झाल्यावरही. बांधा म्हणतात तो हाच."

आणि ही काही फुशारकी नव्हती. मला तसं वाटतच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यांनी मला पुठ्ठ्याचा फर्मा कापून दिला होता. ब्लाऊजचा पुढचा भाग, पाठ, बाही, सगळे तुकडे पुठ्ठ्याचे. कापडावर तो ठेवायचा, भोवतीनं खडू फिरवायचा, कापायचं. टेपला हातच लावायचा नाही. बावीस वर्षं माझी सगळी ब्लाऊजं मी त्या फर्म्यावर बेतली आणि सगळी अंगाला चपखल. पोट सुटलं, मान जाड झाली, ते आरशात दिसत होतं. पण ब्लाऊज काही खोटं बोलत नाही, असं मी धरून चालले होते.

साताऱ्याला फर्मा नव्हता. पण आकडे पाठ होते. खडूनं सरळ आकडेच टाकले.

वर आणखी शहाणपणा केला. दोन तासांत ब्लाऊज उरकलं, मग उरलेल्या तुकड्यांचा एक झकास बटवा शिवला, ओढायची नाडी लावली आणि कारखानीस मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हे काय?" मॅडम चष्म्यावरनं बघत म्हणाल्या.

"कापड वाया घालवायची सवय नाही, मॅडम."

बाकीच्या पाचजणींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी तेवढ्यासाठीच तो केला होता.

आणि आता पडद्यामागं ही पाच इंचांची फट.

पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाला धरूनच. कुणीतरी खोडी केली. कापड आटलं असेल. टेबलावरची फूटपट्टी खोटी असेल. मी जगाला फसवत आले, तेव्हा जगानं मला फसवलं असणार, हे मला पटकन पटतं. पण कोरडं कापड पाच इंच कुठनं आटणार? मी दंड बघितला. बाही रुतून खाली लाल रेघ उमटली होती. ब्लाऊज बत्तीसचंच होतं, एक सूत कमी नाही. त्यात घातलेली बाई बत्तीसची नव्हती.

मग बत्तीसचा फर्मा मला घरी कसा बसत होता?

ते तेव्हा डोक्यात घोळवायला वेळ नव्हता. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या. आत जादा कापडाची माया ठेवली होती, ती सगळी सोडली तर दोन इंच सुटत होते. तीन अजून पाहिजेत. काखेपासनं कमरेपर्यंत एकेक पट्टी घालायची, वरचं टोक बाहीत शिरवायचं, की काख मोकळी. पण पट्टीला कापड? सगळं कापड बटव्यात. आणि बटवा मॅडमच्या कोपरापाशी.

पदर गुंडाळून बाहेर आले आणि वत्सलाला कोपऱ्यात ओढलं.

"वत्सला, तुझ्या मशीनला काहीतरी झालंय."

"कुठं काय झालंय? बरं चाललंय की."

"झालंय गं. मॅडमना बोलव. दोन मिनिटं सोडू नको त्यांना."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खाली बघितलं. पदराआडनं उसवलेली कड दिसत होती. बाई हुशार, एका नजरेत कळलं तिला.

"आन माझी जागा गेली म्हंजे?"

"गेली तर गेली. नाहीतरी मी अशी उघडी उभी राहिले तर तुझीच आहे. पण जिंकलीस तर मला हरवून जिंक. ही काय मजा?"

"लई वंगाळ बाई हायसा तुम्ही," असं म्हणाली, आणि तिथनंच ओरडली, "मॅडम, जरा बघता का, टाकाच सुटतोय!"

मॅडम उठल्या. मी टेबलाजवळनं अशी गेले की जणू पाणी प्यायलाच निघालेय, आणि बटवा पदरात. आयुष्यात पुष्कळ चेष्टा केल्या, पण स्वतःच दिलेली वस्तू चोरायची पाळी पहिल्यांदाच आली होती. घाईघाईत नाडी उसवताना बोटात सुई गेली. दोन पट्ट्या निघाल्या, बरोब्बर. एवढासा तुकडा कमी पडला असता तर मी तिथंच रडले असते.

पंधरा मिनिटांत पट्ट्या बसवल्या. इस्त्री फिरवायला वेळ नव्हता, नखानंच शिवण दाबली. हूक लागले. सगळे. मी पडद्यामागं एकदा हात वर केला, एकदा खाली, एकदा पाठीमागं नेला. कुठंही ओढत नव्हतं. ब्लाऊज अंगात आहे हे विसरून जावं असं बसलं होतं.

मॅडमपुढं उभी राहिले. त्यांनी आधी टेबल बघितलं.

"इथला बटवा कुठे गेला?"

मी दोन्ही हात वर केले. "हा काय, मॅडम."

त्या जवळ आल्या. पट्टीवरनं बोट फिरवलं. हॉलमधली सगळी मशीनं थांबली होती.

"म्हणजे आधी चुकलं होतं."

"चुकलं होतं."

"माप घेतलंच नव्हतंत?"

"नाही."

"का?"

आता इथं काहीतरी थाप मारता आली असती. दहा थापा जिभेवर तयार होत्या. पण त्या बाईचे डोळे असे होते की थाप मारायची मजाच गेली.

"बावीस वर्षं घेतलेलं नाही," म्हटलं. "पण मॅडम, तुमच्याकडं शिकायला कोण येणार? बायकाच ना? आज शिवलेलं त्यांना पाच वर्षांनी बसणार नाही. नवं शिवायला सगळ्याच शिकवतात. न बसणारं बसतं कसं करायचं, तेही अंगावर घालून, पाऊण तासात, ते मी आत्ता करून दाखवलं."

 मॅडमनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या छातीभोवती गुंडाळली.

"सदतीस," त्या म्हणाल्या.

सदतीस! मागनं कुणीतरी फिसकन् हसलं. वत्सलाच असणार.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही, लोहारबाई. तुमचं मशीन मला तर ठीक वाटलं. पण दुसऱ्या बाईसाठी खोटं बोलायला धीर लागतो. तुम्हाला फॉल-पिकोचा वर्ग जमेल का? तोही सुरू करायचाय." मग माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात, "ही काखेतली पट्टी... जुन्या ब्लाऊजला पण घालता येते का?"

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण एसटीत बसले आणि डोक्यात भुंगा सुरू झाला. सदतीस अंगाला बत्तीसचा फर्मा बसतो कसा? खिडकीला टेकून बसले, सरळ बसले, उठून दुसऱ्या सीटवर बसले. शेजारची म्हातारी म्हणाली, "मुंग्या हायती का गं सीटला?" उंब्रजच्या अलीकडं मला उत्तर सापडलं, आणि उत्तर असं की फर्मा बत्तीसचा नाही. कुणीतरी तो बदललाय.

आता हा धंदा कोण करतं, तर मी करते. आमच्या गिऱ्हाइकांत एक नाईकबाई आहेत. पंधरा वर्षं त्या चौतीसच्या आहेत. मी टेप लावते, "चौतीस! तश्शाच की हो!" म्हणते, आणि एकोणचाळीसचं कापते. त्या जाताना अशा चालतात जणू कॉलेजातनं घरी निघाल्यात. आमच्या गल्लीत अशा सात-आठ तरी बायका आहेत. ते सगळं मी रात्री जेवताना यांना सांगायची आणि एकटीच हसायची. हे आमटी ओरपत बसायचे.

म्हणजे माझी विद्या माझ्यावरच कुणीतरी चालवली. मला संशय आला मेहरूनचा. मेहरून म्हणजे समोरची, साडीला फॉल लावून देते. खोडीत माझ्या तोडीस तोड. घरात तिचं जाणं-येणं, फर्मा कुठं टांगलाय हे तिला ठाऊक. स्टँडवरनं घरी न जाता मी थेट तिच्या दारात.

"मेहरून, खरं सांग. माझा फर्मा तू बदललास?"

"कसला फर्मा?"

"ब्लाऊजचा. पुठ्ठ्याचा."

 तिनं हातातली साडी बाजूला ठेवली आणि अशी हसत सुटली की भिंतीला धरून खाली बसली.

"या अल्ला! म्हणजे तुला आत्ता कळलं?"

"काय कळलं?"

"शालन, अगं मास्तर दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडनं साडीचं खोकं मागून नेतात. चांगला कडक पुठ्ठा बघून. मी एकदा विचारलं, कशाला ओ मास्तर? तर म्हणाले, शालनचा फर्मा झिजलाय."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, झिजला तर लहान व्हायला पाहिजे, तुम्ही मोठा कापताय. तर म्हणाले, तिला बोलू नको."

"आणि तू बोलली नाहीस? तू?"

"त्यांनी आठ वर्षांत मला सांगितलेलं एवढं एकच वाक्य आहे. कसं मोडायचं?"

रस्ता ओलांडायला मला दहा पावलं लागतात. त्या दिवशी मी मधेच थांबले, परत फिरले, परत वळले. एक सायकलवाला घंटी वाजवून शिव्या घालून गेला.

दुकानात दिवा लागला होता. हे एका सफारीला काज करत होते. मी सरळ आत गेले, खिळ्यावरचा फर्मा काढला, टेप लावली. छातीच्या चौथ्या भागाला आठ इंच पाहिजेत. सव्वानऊ होते. चार बाजू धरल्या की पाच इंच. मी बाहेर येऊन तो त्यांच्या मशीनवर टाकला.

"हे काय आहे?"

"फर्मा."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा आठचा होता."

"होता," ते म्हणाले. आणि काज करायला लागले!

मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. एवढ्या वर्षांत तसं कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा मान वर झाली.

"साताऱ्यात चारचौघींत पाच इंच उघडी पडले मी. हूक लागेना. काय वाटलं असेल मला? कधीपासनं चाललंय हे?"

त्यांनी फर्मा सरळ करून मशीनवर ठेवला. मला वाटलं आता 'बरं' म्हणतील. म्हणाले असते तर मी त्याच पावली साताऱ्याला गेले असते.

"रोहिणी झाली तेव्हा पाव," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर पाव."

"बरं, मग?"

"मग पाव कमी केला."

"कमी? कमी कधी केलात?"

"तुझी आई गेली तेव्हा."

मी हातातली सुई मशीनवर ठेवली.

"नीट जेवत नव्हतीस. ब्लाऊज खांद्यावरनं घसरायचं. सारखी वर ओढायचीस, बोलता बोलता. गिऱ्हाइकापुढं सुद्धा." त्यांनी हात स्वतःच्या खांद्याशी नेऊन दाखवलं, अगदी मी ओढायची तसं. "दिवाळीनंतर परत हसायला लागलीस. तेव्हा अर्धा वाढवला. मग पाव. यंदा पाव."

एवढं बोलताना मी त्यांना लग्नात सुद्धा ऐकलं नव्हतं. मला बसावंसं वाटलं, पण त्यांनी सफारी स्टुलावर ठेवली होती. उभीच राहिले. मग आत जाऊन गॅसवर चहा ठेवला, आणि का ठेवला ते विसरून परत बाहेर आले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून ऐकलं असतंस? बत्तीसचंच घालून हिंडली असतीस. काखेत वळ उठायचे तुझ्या."

"तुम्हाला कुठं दिसले वळ?"

"केस बांधतेस तेव्हा."

रोज सकाळी मी आतल्या दाराशी उभी राहून केस बांधते. त्यांच्या मशीनकडं पाठ करून. बावीस वर्षं.

"आणि माप?" मी विचारलं. "माप कधी घेतलंत?"

"घेतलं कुठं? दिसतं की."

"न घेता? पाव-पाव इंच?"

"नाईकबाईंचं तू रोज सांगायचीस जेवताना," ते म्हणाले. "त्यातनंच सुचलं." आणि पहिल्यांदाच, एवढंसं, ओठाच्या एका कोपऱ्यात, हसले. गालातल्या गालात हसणारा माणूस माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून, एवढी वर्षं माझी खोडी काढत होता, आणि मला पत्ता नव्हता! रागानं अंग पेटलं होतं. त्यातच ती मेली वाफ परत वर चढली. सफारी उचलून मी वारा घ्यायला लागले.

"अगं, गिऱ्हाइकाची आहे."

"असू दे. मला जागा मिळाली साताऱ्याला. सोमवारी हजर व्हायचंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता बघत होते ते मला दिसत होतं.

"चांगलं झालं," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जायच्या आधी दोन फर्मे करून देतो. एक जरा सैल. तिथं कोण बघणार?"

चहा उतू गेल्याचा वास आला. गेला तर गेला.

"फर्मा नको," मी म्हटलं. "टेप घ्या हातात."

"आत्ता?"

"आत्ता. आणि आकडा मोठ्यांदा सांगायचा. खरा."

पुढचं शटर ओढून त्यांनी दुकान अर्धं बंद केलं. गावभरच्या बापेमाणसांची मापं घेणारा हा माणूस, पण त्याच्या हातातली टेप दोनदा खाली पडली. मागनं घेऊन पुढं आणली, दोन बोटं आत घातली. मी सरळ उभी.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"नाही सोडलास."

"अहो, सोडलाय म्हणते ना!"

"शालन."

त्यांनी नावानं हाक मारली की मला काही सुचत नाही. मारतच नाहीत ना कधी. मी श्वास सोडला. पोट सोडलं, खांदे सोडले, जे काय धरून उभी होते ते सगळं सोडलं. टेप त्यांच्या बोटांतनं जराशी सरकली.

"साडेसदतीस," ते म्हणाले.

"मॅडमच्या टेपनं सदतीस आलं होतं!"

"तिच्यापुढं श्वास धरला असशील."

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी साताऱ्याला गेले. वत्सला माझ्या आधीच येऊन बसली होती, पिशवीतनं भाकरी काढून खात. कारखानीस मॅडमनी हजेरीवर सही घेतली आणि एक किल्ली पुढं केली.

"वरच्या मजल्यावरची खोली. सामान आणलंय का?"

"नाही मॅडम. खोली वत्सलाला द्या. मी रोज जाऊन-येऊन करीन."

"कराडहून? रोज?" त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी तर तुम्ही आधी खोलीचंच विचारलं होतंत. घरी काही अडचण आहे का?"

"अडचण नाही. आमच्याकडं एक टेलर आहे, त्याला माझं माप रोज बघावं लागतं."

"रोज?"

"वय झालंय ना, मॅडम. एका दिवसात कुठं काय सरकेल, काही भरवसा आहे का?"